शंभर धरलेला माणूस

भाषेचा अभ्यास करणारी साठ-सत्तर माणसं एका छताखाली आली की साधा चहा घेणंही जड जातं. कुणी सहज विचारलं, "चहा झाला का?", तरी एक जण ते वाक्य वहीत उतरवतो, दुसरा त्याचे पाच प्रकार करून दाखवतो आणि तिसरा म्हणतो, आमच्या भागात असं कुणी विचारत नाही. तोवर चहा गार झालेला असतो. चिखलदऱ्याला दर डिसेंबरात भरणाऱ्या 'भाषा आणि मन' परिषदेत हे चौदा वर्षं चाललं होतं आणि २०४२ सालच्या पंधराव्या परिषदेतही त्यात काही फरक पडला नव्हता. परतवाड्याहून घाट चढणाऱ्या बस आता विजेवर चालत होत्या, एवढंच.

या परिषदेची एक रीत मात्र दुसरीकडे कुठे नव्हती. तिला सगळे 'बसणी' म्हणत. आपला निबंध वाचायचा असेल तर आधी दुसऱ्याच्या प्रयोगाला अर्धा तास बसायचं. कुलगुरू असोत की पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, डोक्याला पट्टा बांधायचा आणि कानात येणारी वाक्यं मुकाट्याने ऐकायची. प्रयोगासाठी बाहेरची माणसं जमवायला महिने जातात, आपली माणसं मात्र दाराबाहेर रांगेतच उभी असतात, हा त्यामागचा विचार. बसणाऱ्याचं नाव कुठेही लिहीत नसत. त्याला फक्त क्रमांक मिळे. कुठला क्रमांक कुणाचा ही यादी एका बंद लखोट्यात असे आणि तो लखोटा परिषदेच्या नोंदी सांभाळणाऱ्या माणसाच्या ताब्यात असे.

दोन वर्षांपासून हे काम ऋजुता वानखडेकडे होतं. वय त्रेचाळीस, अमरावतीला शिकवणारी, स्वभावाने हट्टी आणि कामात काटेकोर. परिषदेच्या पहिल्या दिवशी दुपारी ती सभागृहाबाहेरच्या दगडी कठड्यावर बसली होती. मांडीवर उद्या सकाळी अकराला वाचायचा निबंध होता. लखोटा तिने महिन्यापूर्वीच फोडला होता. निबंध वाचण्याआधी तिला एका माणसाला भेटून काही सांगायचं होतं, आणि सकाळपासून तिचे पाय तिकडे वळत नव्हते.

काय सांगायचं होतं ते समजायला 'चाहूल' म्हणजे काय ते आधी कळायला हवं.

आपण ऐकतो तेव्हा बोलणाऱ्याच्या मागून चालतो अशी आपली समजूत असते. तसं नसतं. मेंदू कायम दोन पावलं पुढे असतो. 'आईने गरम पोळीवर साजूक' एवढं कानावर पडलं की तूप मेंदूत हजर असतं, बोलणाऱ्याने ते उच्चारायच्या आधीच. त्या जागी 'डांबर' असा शब्द आला, तर सेकंदाच्या चार दशांश भागात मेंदूत विजेची एक बारीकशी उसळी उठते. ती उसळी जेवढी मोठी, तेवढी मेंदूने पुढच्या शब्दाची वाट जास्त पाहिलेली असते. हे फार पूर्वीच माहीत झालं होतं. चिखलदऱ्याच्या मंडळींनी त्यावरून माप तयार केलं. पुढच्या शब्दाची चाहूल तुम्हाला किती लागते, ते एका आकड्यात सांगणारं.

मग लक्षात आलं की म्हातारपणी भाषा आटायला लागते तेव्हा आधी शब्द जात नाहीत, आधी चाहूल जाते. माणूस बोलत असतो झकास. घोटून घोटून तयार झालेली वाक्यं त्याच्या तोंडून आपोआप येत असतात. पण ऐकताना तो मागून चालायला लागलेला असतो. घरच्यांच्या ध्यानात यायच्या आठ-दहा वर्षं आधी पट्ट्याला हे कळतं. पुढे त्यावर गोळी निघाली. चाहूल पंच्याहत्तर ते साठच्या दरम्यान असताना ती सुरू केली तर माणूस तिथेच थांबतो, पुढे घसरत नाही. साठच्या खाली गेल्यावर त्या गोळीचा आणि पाण्याचा परिणाम सारखाच, आणि तिथून पुढे कालपरवाच्या आठवणीही गळायला लागतात.

त्यामुळे ही चाचणी सरकारी दवाखान्यांत आली आणि तिच्या मागोमाग कायदाही आला. ज्याची चाहूल साठच्या खाली, त्याची सही ग्राह्य नाही, त्याला एकटं राहता येणार नाही, सक्षमता मंडळ त्याच्यावर पालक नेमणार. कायदा कठोर होता, पण त्यामागे कारण होतं. गोड बोलून म्हाताऱ्यांकडून कागदांवर अंगठे घेणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. कायद्याचा मसुदा ज्या समितीने केला तिच्या अध्यक्ष होत्या डॉ. शरयू चौबळ. परिषद सुरू करणाऱ्याही त्याच आणि ऋजुताला बोट धरून संशोधन शिकवणाऱ्याही त्याच.

चौबळ मॅडमचं वय आता एकाहत्तर. तीस वर्षांपूर्वी मेळघाटात धारणीला त्यांनी तीन खोल्यांचं घर बांधलं आणि कोरकू भाषेच्या शब्दकोशाला हात घातला. लग्न केलं नाही. रोज सकाळी कोरकू बायका त्यांच्या ओसरीवर येऊन बसत, बोलत, भांडत, आणि मॅडम लिहून घेत. कोशाचे चार खंड झाले होते, पाचवा चालू होता. एकटं राहणं हा त्यांचा नुसता नाइलाज नव्हता, आवड होती. मला कुणी 'जेवलात का' असं विचारलं की माझी भूक मरते, असं त्या म्हणत.

मोजमाप म्हटलं की प्रमाण लागतं. पट्टे दरवर्षी बदलत, नव्या बनावटीचे येत, आणि प्रत्येक नवा पट्टा थोडे वेगळे आकडे दाखवी. या वर्षीचे आकडे गेल्या वर्षीच्या आकड्यांशी जुळवायचे कसे? साठ जणांची सरासरी धरावी, तर दरवर्षी दहा माणसं बदलायची. तेव्हा चौबळ मॅडमनीच तोडगा काढला होता. आपल्या शास्त्रात आपण अशा एका माणसाची कल्पना करतो, ज्याला आपली भाषा पुरती येते आणि जो कधी चुकत नाही. मग खराच असा एक माणूस निवडू. बसणीला येणाऱ्यांमधला जो सगळ्यात स्थिर असेल तो यंत्राने निवडायचा, त्याला नमुना एक म्हणायचं, आणि दरवर्षी नव्या पट्ट्यावर त्याचा जो आकडा येईल तो शंभर धरायचा. तो कोण हे कुणालाच कळू द्यायचं नाही, त्या माणसालाही नाही. नाहीतर तो डोक्यावर बसेल.

दरवर्षी डिसेंबरात परिषदेने ठरवलेला शंभर एक जानेवारीपासून राज्यभरच्या दवाखान्यांत लागू होई. नमुना एकसुद्धा माणूसच आहे, तोही म्हातारा होणार, हे भाषेवर आयुष्य घालवलेल्या साठ विद्वानांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ऋजुताच्याही आलं नसतं. ते तिला तिच्या दादामुळे कळलं.

हेमंतदादा अकोल्याच्या न्यायालयात लघुलेखक होता. न्यायाधीश बोलत आणि दादाची पेन्सिल त्यांच्या बरोबरीने चाले, कधी कधी तर पुढे. साहेब वाक्याच्या मध्यात थांबले की दादाने ते पूर्ण केलेलं असे आणि साहेब तेच बोलत. घरी यावरून चेष्टा चाले की निकाल दादाच देतो. चार वर्षांपूर्वी त्याची पेन्सिल मागे पडायला लागली. पुढच्या वर्षी ज्योत्स्नावहिनीने त्याला दवाखान्यात नेलं. अहवालात चाहूल छापली होती चौऱ्याण्णव. उत्तम. डॉक्टरांनी पाठ थोपटली, वहिनीने हाय खाल्ली होती ती सोडली, आणि मग दादा कामात मागे राहिला की तिला त्याचा राग यायला लागला.

या वर्षी श्रावणात ऋजुता अकोल्याला गेली तेव्हा दादा अंगणात खुर्चीवर बसला होता. तिने काही विचारलं की तो तिच्या ओठांकडे पाहत वाक्य संपायची वाट बघे, संपलं की हसे, आणि मग म्हणे, "छान, छान." दिवसभरात त्याने तिला एकदाही नावाने हाक मारली नाही. निघताना वहिनी फाटकापर्यंत आली.

"तीन वर्षं मी यायले आळशी म्हणत होती, ऋजू," वहिनी म्हणाली. "लोकायसमोर म्हणत होती. तुमच्या मशीननं सांगतलं ना, का चांगले हायेत म्हणून."

ऋजुताला बसमध्ये रडू आवरलं नाही. आपलं यंत्र चुकत नाही ही तिची खात्री होती आणि दादा आजारी आहे हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन्हींपैकी एक खोटं असणार होतं. अमरावतीला पोचल्यावर तिने चौदा वर्षांच्या मूळ नोंदी काढल्या. दवाखान्यातले अहवाल शंभरावर छापतच नसत. एकशे अठरा आलेले आणि एकशे सहा आलेले घरात भांडायला लागले म्हणून शंभरच्या वरचं सगळं शंभरच छापायचं, असं कधीतरी ठरलं होतं. मूळ नोंदींत मात्र खरे आकडे होते. त्यांत बसणीला येणाऱ्या प्रत्येकाची चाहूल दरवर्षी वाढत गेलेली दिसत होती. पन्नाशीतल्यांची, साठीतल्यांची, सगळ्यांची, आणि सगळ्यांची सारख्याच पटीत. तिच्या आधीच्या माणसाने समासात शेरा मारला होता, 'नवे पट्टे फार चांगले.'

सगळे एकाच वेळी हुशार झाले असतील, किंवा शंभर धरलेला एक माणूस खाली गेला असेल. पहिल्या वर्षीचा एक पट्टा विभागाच्या कपाटात पडून होता. ऋजुताने तो दुरुस्त करून घेतला आणि स्वतःच्या डोक्याला बांधला. चौदा वर्षांपूर्वी तिचा जो आकडा होता तोच आला. जुन्या बसणीतल्या आणखी पाच जणांना तिने काहीबाही सांगून बोलावलं. त्यांचेही आकडे जवळपास जुनेच आले. वाढलं कुणीच नव्हतं.

मग तिने उलटा हिशोब मांडला. नमुना एकची चाहूल अकरा वर्षांपासून उतरत होती आणि आता चोपन्न होती. दादाला चौऱ्याण्णव छापले होते तेव्हा ते खरे त्रेसष्ट होते. म्हणजे त्या दिवशी गोळी सुरू केली असती तर दादा तिथेच थांबला असता. राज्यात अशा चुकीच्या अहवालांच्या ढिगात त्रेचाळीस हजार माणसं अजून पंच्याहत्तर ते साठच्या दरम्यान होती. त्यांना अजून वाचवता येणार होतं. त्यातली काही दर महिन्याला साठची रेघ ओलांडत होती आणि त्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने लखोटा फोडला. नमुना एकसमोर नाव होतं शरयू चौबळ.

अखेर पहिल्या दिवशी साडेतीनच्या सुमाराला ती कठड्यावरून उठली. मॅडम बाजारातल्या रबडीच्या दुकानात बाकावर एकट्याच बसल्या होत्या. चिखलदऱ्याला आलं की पहिल्या दिवशी रबडी हा त्यांचा नेम. ऋजुताला पाहून त्यांनी तिच्यासाठीही एक वाटी मागवली.

ऋजुताने आडवळण घेतलं नाही. आकड्यांचा कागद पुढे ठेवला आणि क्रमाने सांगत गेली. दादा, मूळ नोंदी, जुना पट्टा. मॅडम वाटी बाजूला सारून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी पेन मागितला आणि तिची वजाबाकीतली एक चूक दाखवली. चूक लहान होती, पण खरी होती. जुना पट्टा दुरुस्त करताना त्याचे सेन्सर बदललेस का, असंही त्यांनी विचारलं. प्रश्न इतका नेमका होता की ऋजुताला क्षणभर वाटलं, आपलंच काही चुकलं असावं. मग त्यांनी कागद घडी करून परत दिला.

"नमुना एक मी आहे," त्या म्हणाल्या. "नाहीतर तू हे सांगायला इथवर आली नसतीस."

ऋजुताने मान हलवली. तिला वाटलं होतं की त्या नाकारतील, चिडतील. समोरून सहलीची मुलं ओरडत गेली. मग त्यांनी उरलेली रबडी संपवली, कारण त्यांना टाकलेलं आवडत नसे.

"निबंध वाच," त्या म्हणाल्या. "एकही आकडा गाळू नकोस. त्या माणसांना गोळ्या मिळाल्याच पाहिजेत. पण माझं नाव नको. मंडळ मला धारणीत एक दिवस राहू देणार नाही, हे तुला माहीत आहे. ते कलम मीच लिहिलंय. पाचवा खंड व्हायला मला दोन वर्षं हवीत. नाही झाला तर नाही झाला, पण त्या घरातून मला कुणी हाताला धरून बाहेर काढलेलं मला नको."

अडचण होती ती परिषदेच्या घटनेची. प्रमाण बदलायचा निबंध असेल तर सत्राचा अध्यक्ष नमुन्यामागचं नाव मागू शकत असे. मागितलं तर ते चिठ्ठीवर द्यावं लागे, नाहीतर निबंध नोंदला जात नसे. आणि त्या माणसाची चाहूल साठच्या खाली निघाली तर चिठ्ठी मंडळाकडे धाडावी लागे. ऋजुताने हे बोलून दाखवलं तेव्हा मॅडमच्या चेहऱ्यावर दुपारभरात पहिल्यांदा हसू आलं.

"उद्या अकराच्या सत्राची अध्यक्ष मी आहे," त्या म्हणाल्या. "मागू शकतो असं लिहिलंय, मागावंच असं नाही. मी मागणार नाही. तू शब्द दे."

ऋजुताने शब्द दिला. हे कुठेतरी लिहून ठेवा, असं तिला म्हणायचं होतं, पण म्हणवलं नाही. इतकं नेमकं बोलणाऱ्या बाईला लिहून ठेवा सांगणं म्हणजे तोंडावर अपमान करणं. आणि लिहिलेला कागद कुणाच्या हाती लागला तर? दोघी हळूहळू चढ चढून सभागृहाकडे गेल्या. वाटेत मॅडम तिच्या दंडाला धरून चालत होत्या, आणि पंधरा वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला सभागृह भरलं होतं. मॅडम व्यासपीठावर, निळ्या काठाची साडी, समोर कागदांची चळत नीट लावलेली. त्यांनी ऋजुताची ओळख करून दिली, दोन वाक्यांत आणि आवश्यक तेवढ्याच कौतुकाने. ऋजुताने निबंध वाचला. पहिली दहा मिनिटं खोकल्यांचे आवाज येत होते, नंतर तेही थांबले. शेवटच्या आलेखावर नमुना एकची रेघ खाली खाली येत चोपन्नावर टेकलेली दिसली तेव्हा मागून कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. ऋजुताने त्रेचाळीस हजारांचा आकडा सांगितला आणि मागणी केली की एक जानेवारीपासूनचा शंभर नव्याने ठरवावा. आज ठरलं नाही, तर आणखी एक वर्ष दवाखाने त्याच मापाने मोजत राहतील.

मग तिने अध्यक्षांकडे पाहिलं. मॅडम टिपणं काढत होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माइक जवळ ओढला.

"काम चोख आहे," त्या म्हणाल्या. "आणि धक्कादायकही. मला एकच विचारायचंय. हा नमुना एक कोण? त्या व्यक्तीला तुम्ही हे कळवलंत का?"

ऋजुताला वाटलं, मॅडम सभागृहासाठी विचारत आहेत. सगळ्यांसमोर रीतसर प्रश्न विचारून विषय मिटवणार असतील. ती म्हणाली, हो, काल कळवलं.

"काय म्हणाली ती व्यक्ती?"

"निबंध वाचा म्हणाली. नाव सांगू नका म्हणाली. मी शब्द दिलाय."

मॅडमच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्या आठ्या ऋजुताला चांगल्या ठाऊक होत्या. विद्यार्थ्याने पुरावा झाकला की त्या पडत. तेव्हा तिला कळलं. मॅडम नाटक करत नव्हत्या. त्यांच्याजवळ कालची दुपार नव्हतीच.

"शब्द द्यायचा तुम्हाला अधिकार नव्हता," त्या शांतपणे म्हणाल्या. "चोपन्न म्हणजे ती व्यक्ती आज घरात एकटी असेल, गॅस पेटवत असेल, कागदांवर सह्या करत असेल. तिला वाटतंय की ती ठीक आहे. म्हणूनच तिचं म्हणणं ऐकायचं नसतं. कायदा याचसाठी केला आपण. घटनेप्रमाणे मी नाव मागते आहे. चिठ्ठीवर द्या. नाहीतर हा निबंध नोंदला जाणार नाही."

सभागृहात कुजबुज झाली. बहुतेकांच्या माना मॅडमच्या बाजूने हलत होत्या. कालच्या मॅडमना ऋजुताने शब्द दिला होता आणि आजच्या मॅडम तो मोडायला सांगत होत्या, आणि दोघीही मनापासून बोलत होत्या. आत्ता गप्प बसून खाली उतरावं, असं तिला फार वाटलं. पण मग तिला अंगणातल्या खुर्चीवर बसलेला दादा दिसला, ओठांकडे पाहणारा. अशा त्रेचाळीस हजार खुर्च्या. तिने निबंधाच्या मागच्या कोऱ्या पानाचा तुकडा फाडला, त्यावर नाव लिहिलं, घडी घातली आणि व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढून तो मॅडमच्या हातात दिला.

मॅडमनी चष्मा लावला. घडी उघडली.

त्यांनी ते नाव दोनदा वाचलं असावं, कारण डोळे परत डावीकडे गेले. चेहरा हलला नाही. फक्त कागद धरलेला हात टेबलावर टेकला आणि तिथेच राहिला. ऋजुता बाजूला वाकून उभी होती. एक माणूस आपल्याच नावाची चिठ्ठी उघडताना तिने पाहिला होता, आणि ती चिठ्ठी तिनेच दिली होती. समोरच्या साठ माणसांना वाटत होतं की अध्यक्ष विचार करत आहेत.

मॅडमनी माइकवर तळहात ठेवला.

"काल मला सांगितलं होतंस?" त्यांनी हळू विचारलं.

"हो."

"कुठे?"

"रबडीच्या दुकानात. साडेतीन वाजता."

त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या हे दिसत होतं. काही हाती लागलं नाही, हेही दिसलं. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत भीती आली, लहान मुलाच्या डोळ्यांत अनोळखी घरी येते तशी. मग त्यांनी ती आवरली.

"आणि मी काय म्हणाले होते? तुझे शब्द नकोत. माझे सांग."

खरं उत्तर तिच्याजवळ तयार होतं. ते सांगितलं असतं, तर मॅडमनी चिठ्ठी मुठीत घेतली असती. धारणीचं घर राहिलं असतं, ओसरी राहिली असती, पाचवा खंड कदाचित झालाही असता, आणि मागितलेलं नाव मिळालं नाही म्हणून निबंध नोंदल्याशिवाय परत गेला असता. ऋजुताने चौदा वर्षांत हजारो माणसांची उत्तरं उतरवून घेतली होती. त्यातलं एक अक्षर कधी बदललं नव्हतं. ही शिस्त तिला याच बाईंनी लावली होती.

"तुम्ही म्हणालात, नाव दे," ऋजुता म्हणाली. "म्हणालात, कायद्यातून मीच सुटले तर तो कायदा कसला."

हे आपण दयेपोटी बोललो की त्रेचाळीस हजारांसाठी, की दादासाठी उगवलेला सूड होता, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि पुढेही कधी आलं नाही. मॅडम तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. वाक्य संपेपर्यंत त्या पाहत राहिल्या. मग त्यांचा चेहरा सैल झाला, जवळजवळ समाधानी दिसला.

"असं म्हणाले?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. काल विचारलंस तेव्हा तेच, आज विचारलं तरी तेच. वेगवेगळ्या दिवशी विचारून एकच उत्तर आलं, तर ते पक्कं धरायचं, ऋजुता."

त्यांनी माइकवरचा हात काढला. निबंध स्वीकारला आहे आणि जानेवारीपासूनचं प्रमाण नव्याने ठरेल, असं त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं. टाळ्या झाल्या. टाळ्या चालू असतानाच त्यांनी चिठ्ठी लखोट्यात घातली, कडा ओल्या करून चिकटवल्या, वरती सक्षमता मंडळाचा पत्ता वळणदार अक्षरात लिहिला, खाली अध्यक्ष म्हणून सही केली आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.